दुसऱ्या कंपनीची चिप

शिरड शहापूर, जि. परभणी
१४ जून १९९८

धम्मानंद भाऊजींना करुणाचा जय भीम.

दोन वर्षांत मी तुम्हाला पत्र लिहिलं नाही आणि तुम्हीही मला लिहिलं नाहीत. म्हणजे फिटंफाट झाली, असं समजून नुसतं कामाचं लिहिते.

मागच्या आठवड्यात पंपघराशेजारच्या लिंबावर वीज पडली. लिंब उभा चिरला आणि ह्यांनी बसवलेली पेटी जळाली. तुम्हाला ती पेटी माहीत आहेच, तुम्हीच तिचे सुटे भाग हैदराबादेतून पाठवले होते. टाकी रिकामी झाली की आपोआप मोटर सुरू करायची आणि भरली की बंद करायची. गावात तिला अजून 'प्रज्ञेशची पेटी' म्हणतात. आता जगन राठोडला पुन्हा टाकीवर चढून, आत डोकावून मोटर चालू-बंद करावी लागते. पंपाचं काम त्याच्याकडेच आहे. तो रोज येऊन सुनावतो, "वहिनी, प्रज्ञेशदादानं मला आळशी करून ठेवलं न् आता अशी तकलीफ देऊन राहिला."

पेटीतलं कार्ड जगननं काढून दिलं. हिंगोलीचे कापडवाले पुनमचंदजी खरेदीला हैदराबादला येतात, त्यांच्याबरोबर पाठवतेय.

एकच विनंती आहे. जळालंय तेवढंच बदला, बाकी कशाला हात लावू नका. तुमची सवय मला ऐकून माहीत आहे. दुरुस्तीला दिलेल्या कंदिलाचा तुम्ही टॉर्च करून परत द्याल.

आत्याबाई, म्हणजे तुमच्या मावशी, बऱ्या आहेत. रोज संध्याकाळी पंपघराकडे चक्कर मारतात. लेकाच्या हातची वस्तू आहे म्हणून बघून येतात, दुसरं काही नाही.

करुणा


बालानगर, हैदराबाद
५ जुलै १९९८

करुणावहिनींना धम्मानंदचा जय भीम.

कार्ड पोचलं. पुनमचंदजींनी ते साड्यांच्या रिकाम्या खोक्यात मऊ कागदात गुंडाळून आणलं. इतक्या मानानं आमच्या कारखान्यात आजवर कुठलंच कार्ड आलेलं नाही.

कार्डावर दोन महत्त्वाच्या चिपा आहेत. एकीत प्रज्ञेशनं लिहिलेला प्रोग्राम आहे, ती शाबूत आहे. जळाली ती हिशेब करणारी मुख्य चिप. ८०८५, आम्ही दोघं नांदेडच्या पॉलिटेक्निकला हिच्यावरच शिकलो. मूळ कंपनीचा माल आता इथल्या बाजारात मिळेनासा झालाय, पण त्याची काळजी नको. चिपांच्या धंद्यात एक रीत आहे. मोठं गिऱ्हाईक एकाच कंपनीच्या भरवशावर माल घेत नाही. उद्या तुमचा कारखाना बंद पडला तर आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं, असं विचारतं. म्हणून मूळ कंपनी आपले नकाशे दुसऱ्या कंपनीच्या हवाली करते आणि ती दुसरी कंपनी तीच चिप हुबेहूब बनवते. तेवढेच पाय, तीच कामं, एक काढून दुसरी बसवली तरी मशीनला पत्ता लागत नाही.

माझी नोकरीच मुळी ह्या कामाची आहे. आलेला माल मूळ मालाशी ताडून बघायचा आणि जुळला की शिक्का मारायचा. शिक्क्यावर इंग्रजीत लांबलचक काहीतरी आहे, पण आमच्या खात्यात सगळे त्याला 'बराबर'चा शिक्का म्हणतात. तुमच्या कार्डावर दुसऱ्या कंपनीची चिप बसवली, तपासली आणि शिक्काही मारला. कंदिलाचा कंदीलच ठेवलाय.

मावशींना सांगा, त्यांच्या हातची अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर अजून आठवते. वसतिगृहाला सुट्टी लागली की बाकीची पोरं आपापल्या घरी जायची आणि मी प्रज्ञेशच्या मागे मागे तुमच्याकडे यायचो. मला वाढवलं मामानं, पण जेवायला वाढलं मावशींनी. एकदा यायचंय. रजेचं जमत नाही.

धम्मानंद


शिरड शहापूर, जि. परभणी
२८ जुलै १९९८

धम्मानंद भाऊजींना जय भीम.

कार्ड आलं, जगननं बसवलं, पाणीही आलं. पण दुसऱ्याच दिवशी तो दारात येऊन डोकं खाजवत उभा राहिला. "पाणी तर बराबर येऊन राहिलं वहिनी, पर पेटी मुकी झाली."

मागच्या पत्रात मी तुम्हाला पूर्ण सांगितलं नव्हतं, आता सांगते. मोटर सुरू व्हायच्या आधी पेटीतून आवाज यायचा. टक-टक, आणि जरा थांबून, टक. मग मोटर घरघरायची. हे बाहेरून आले की आमचं दार असंच वाजवायचे, तुम्ही कितीदा ऐकलं असेल. हे होते तोवर पेटीच्या आवाजाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. दार वाजवणारा माणूस घरात असताना पेटीचं कोण ऐकतं?

हे गेल्यावर महिन्याभरानं आत्याबाई जगनला निरोप द्यायला पंपघराकडे गेल्या होत्या. तिथे त्यांनी ते ऐकलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी पंपघराचं दार लोटून घेऊन त्या बाहेर पायरीवर बसतात. आतून आवाज आला की "आले रे, आले" म्हणत लगबगीनं उठतात आणि दार उघडतात. आत मोटरीशिवाय काही नसतं. तरी क्षणभर उभ्या राहतात, मग घरी येतात आणि पोटभर जेवतात. तुम्हाला ठाऊक आहे, आमच्या घरात भूतखेत कुणी मानत नाही. मी सुरुवातीला त्यांना तसं म्हणालेही. माझ्यावरच उखडल्या. "भूत कोण म्हणून राहिलं? माहं लेकरू हाय."

पेटी दुरुस्तीला गेली होती तोवर ती परत येईल ह्या आशेवर त्या निभावत होत्या. तुमची नवी चिप बसल्यापासून मोटर थेट सुरू होते. आत्याबाई पायरीवर बसून राहतात. पाणी भरून होतं, जगन कुलूप लावतो, तरी उठत नाहीत. शेवटी तोच त्यांना हाताला धरून घरी आणतो. ताटात वाढलेलं तसंच राहतं. अंगावरचं लुगडं त्यांना आता मोठं होऊन राहिलंय.

हुबेहूब म्हणाला होतात ना तुम्ही? मग बदललं काय?

करुणा


बालानगर, हैदराबाद
२० ऑगस्ट १९९८

करुणावहिनींना जय भीम.

तुमचं पत्र वाचून मी प्रज्ञेशचा प्रोग्राम पुन्हा उघडून बसलो. त्याची प्रत मी ठेवली होती. तो आवाज बिघाड नव्हता, त्यानं मुद्दाम घातलेला होता. मोटर सुरू व्हायच्या आधी इशारा मिळावा, कुणाचा हात मोटरीच्या पट्ट्याजवळ असला तर त्यानं बाजूला घ्यावा, म्हणून. इशारा कसलाही चालला असता. ह्या पठ्ठ्यानं स्वतःची दार वाजवायची रीत घातली.

आणि तिथेच पेच आहे. चिपेला द्यायच्या आज्ञा कंपनीच्या पुस्तकात छापलेल्या असतात. पण ८०८५मध्ये काही आज्ञा पुस्तकात न छापताच राहून गेल्या आहेत. मूळ चिप त्या ऐकते. कॉलेजात असताना प्रज्ञेशला त्यांचं वेड लागलं होतं. मास्तर म्हणायचे, छापील तेवढंच वापरा. हा म्हणायचा, छापील तर सगळेच वापरतात. त्यानं इशाऱ्याचा भाग नेमका त्या न छापलेल्या आज्ञांवर उभा केलाय. मी जी दुसऱ्या कंपनीची चिप पाठवली ती छापील तेवढं चोख करते आणि बाकीचं सोडून पुढे जाते. मीही तपासलं ते छापील तेवढंच. त्याचं जे काही स्वतःचं होतं, ते माझ्या शिक्क्याच्या बाहेर राहिलं.

पण वहिनी, ती मशीन आहे. मावशींचं मन त्यात गुंतून राहावं हे बरं नाही. आवाज बंद झालाय तर ह्या निमित्तानं सुटू द्या. नांदेडला चांगले डॉक्टर आहेत, झोपेची, भुकेची गोळी देतील. मी पत्ता शोधून पाठवतो.

धम्मानंद


शिरड शहापूर, जि. परभणी
३ ऑक्टोबर १९९८

भाऊजी,

डॉक्टरांचा पत्ता तुमच्याकडेच ठेवा. उपयोगी पडेल.

पंपघराच्या वायरींच्या नालीत ह्यांना साप चावला आणि हे गेले, एवढंच तुम्हाला कळलेलं आहे. तुम्ही तिसऱ्या दिवशी आलात, अंगणात बसलात, घराच्या आत पाऊलही न टाकता संध्याकाळच्या गाडीनं गेलात. त्यामुळे मधलं कुणी सांगितलं नसेल. मलाही नंतरच कळलं, मी तेव्हा माहेरी बाळापूरला होते.

हे चालत घरापर्यंत आले होते. दार वाजवलं, रोजच्यासारखंच. आत्याबाई भाकरी थापत होत्या. ह्यांची खोड त्यांना माहीत होती, दार वाजवून कोपऱ्यामागे लपायचे. त्या आतूनच म्हणाल्या, "थांब रे, हात भरलेत माहे." हातातली भाकर पूर्ण केली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, मग दार उघडलं. हे पायरीवर आडवे होते.

डॉक्टर म्हणाले, तेवढ्या वेळानं काही फरक पडला नसता. आत्याबाईंनी ऐकून घेतलं. पण त्या दिवसापासून त्या घराचं दार पुरतं लावत नाहीत आणि भाकरी मी थापते.

पंपघरापाशी त्या रोज वेळेवर दार उघडत होत्या, भाऊजी. त्यावर त्या जगत होत्या. तुम्ही म्हणता, ह्या निमित्तानं सुटू द्या. सुटून त्या कुठे चालल्यात ते मी रोज बघतेय. काल मी भरवलं तेव्हा दोन घास गेले.

तो आवाज परत आणा. खरं-खोटं मला विचारू नका. मी ह्यांची बायको आहे, मला काय वाटत असेल हेही विचारू नका. फक्त आवाज आणा.

करुणा


बालानगर, हैदराबाद
१७ जानेवारी १९९९

करुणावहिनींना जय भीम.

इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण हात रिकामे असताना काय लिहू? मूळ कंपनीची एखादी जुनी चिप मिळते का म्हणून इथला सगळा बाजार पालथा घातला. भंगारवाल्यांकडेही जाऊन आलो. एक मिळाली, तीही मेलेली.

शेवटी इशाऱ्याचा भाग नव्या चिपेसाठी नव्यानं लिहिला, सगळा छापील आज्ञांमध्ये. अडचण होती ती थांबण्याची. प्रज्ञेशनं मधली विश्रांती त्या न छापलेल्या आज्ञांमधूनच मोजली होती, त्यामुळे ती किती होती हे कागदावरून काढता येईना. मग मी डोळे मिटून बाकावर बोटानं वाजवत बसलो. शिरडचं दार, बाहेर तो, आत मावशी, असं मनात आणून. चुकलं वाटलं की पुन्हा. शेजारच्या बाकावरचा माणूस उठून दुसरीकडे गेला. एका क्षणी वाजवलं आणि अंगावर काटा आला. तेच होतं. ते मोजून घेतलं आणि प्रोग्राममध्ये घातलं.

पुनमचंदजींबरोबर प्रोग्रामची नवी चिप पाठवलीय. जुनी काढून त्या जागी बसवायची, जगनला जमेल. शिक्का मात्र मारला नाही. हे 'बराबर' आहे की नाही, ते मावशीच सांगतील.

हे करावं की नाही, मला अजूनही कळलेलं नाही. पण मावशी जेवत नाहीत हे वाचल्यापासून माझ्याही घशाखाली घास उतरत नव्हता.

धम्मानंद


शिरड शहापूर, जि. परभणी
२१ फेब्रुवारी १९९९

धम्मानंद भाऊजींना जय भीम.

आधी एक आनंदाचं पत्र लिहिलं होतं. बरं झालं टाकलं नाही, फाडून टाकलं.

चिप बसवली त्या संध्याकाळी मीही पंपघरापाशी गेले. टाकी रिकामी झाली आणि आतून आलं, टक-टक, टक. मला तर रडूच फुटलं. जगन म्हणाला, "आला दादा." आत्याबाई उठल्या आणि त्यांनी दार उघडलं. नेहमीचं "आले रे" मात्र म्हणाल्या नाहीत. आत बघत राहिल्या, बराच वेळ. घरी येऊन मुकाट्यानं जेवल्या. मला वाटलं, जिंकलं.

दोन-तीन दिवस असेच गेले. मग एकदा चुलीपाशी बसल्या असताना मला विचारलं, "धम्मा कधी गेला?"

मी म्हटलं, "कुठं?"

"मला काहून लपवून राहिली, पोरी? पेटीत तो हाय."

मी म्हटलं, आत्याबाई, भलतंच काय बोलता, तो प्रज्ञेशचाच आवाज आहे. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मीच खोटी पडले.

"माह्या लेकाचं मला सांगते? प्रज्ञेश घाईचा व्हता. दोन दनादना न् तिसरी लगेच. ह्यो थांबतो. आपल्याला घरात घेतेत का न्हाई म्हणून थांबतो, न् मंग तिसरी हळूच. सुट्टीला यायचा तवा असाच वाजवायचा धम्मा. म्या कितीदा सांगितलं व्हतं त्याला, बाबा, तुहंच घर हाय, जोरात वाजव."

भाऊजी, मी तुमचं जानेवारीतलं पत्र काढून त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. तुम्हीच बोटानं वाजवलं, तुम्ही धडधाकट आहात, सगळं. तर म्हणाल्या, "तू चांगली हायस. माह्यासाठी त्याच्या नावानं पत्रं बी लिहिती."

आता त्या पंपघरापाशी बसून तुमच्यासाठी रडतात. त्यांच्या तोंडी घास जावा म्हणून मी आवाज आणवला आणि त्यातून दुसरं सुतक निघालं. बसस्टँडवरच्या एसटीडीचा नंबर मागे लिहिलाय. पुढच्या रविवारी सकाळी मी त्यांना तिथे नेते. फोन करा.

करुणा


बालानगर, हैदराबाद
३० मार्च १९९९

करुणावहिनींना जय भीम.

फोनवर काय झालं ते तुम्ही शेजारी उभ्या राहून अर्धंच ऐकलं असेल. मी म्हणालो, मावशी, मी धम्मा, जिवंत आहे.  तर त्या म्हणाल्या, "यंत्रातून आवाज येतो ते मला ठावं हाय रे बाबा. तिथं तकलीफ तर न्हाई ना तुला? जेवायला देतेत का?"

मी सांगितलं, हो मावशी, देतात. दुसरं काय सांगणार होतो?

तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. कारखान्यात माल तपासताना दोन चिपा समोर ठेवतो, आणि ही तीच आहे असं म्हणायची हिंमत होत नाही. परवा साहेबांनी मागून हाक मारली तर मी इतका दचकलो की तेच घाबरले. प्रज्ञेशचा म्हणून इतक्या जिवानं वाजवला तो आवाज माझा निघाला. मी त्याचा हुबेहूब आणायला गेलो आणि एका मेलेल्या माणसाच्या जागी जाऊन बसलो. घरी दाढी करताना आरशात बघतो, तर तिथलाही माणूस मला जरा लांबचा वाटतो.

इशारा काढून टाकलेली चिप पाठवतो. ती बसवा, म्हणजे पेटी पुन्हा गप्प होईल आणि मावशी हळूहळू विसरतील.

या, असं तुम्ही म्हणाल, म्हणून आधीच लिहितो. मला येता येत नाही. रजेचं निमित्त होतं. त्या दिवशी अंगणात बसलो होतो, घरातून त्याचा आवाज येत नव्हता, आणि मी पळालो. त्या घरात तो नाही हे मी अजून डोळ्यांनी बघितलेलं नाही. इथे हैदराबादेत बसलं की तो शिरडला आहे, पत्रं लिहायचा आळस करतो, बस्स एवढंच. तो तर पहिल्यापासूनच आळशी.

धम्मानंद


शिरड शहापूर, जि. हिंगोली
१२ मे १९९९

भाऊजी,

पत्त्यात बदल आहे, नीट बघा. एक मेपासून हिंगोलीचा वेगळा जिल्हा झाला. गाव तिथेच आहे.

तुमची नवी चिप मी बसवली नाही आणि बसवणारही नाही.

बुद्धपौर्णिमेला विहारात आत्याबाईंनी दोन मेणबत्त्या लावल्या. एक प्रज्ञेशच्या नावाची, एक तुमच्या. भन्तेजींना म्हणाल्या, माह्या दोन्ही लेकरांसाठी म्हणा. भन्तेजींनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली, मला सभेत त्यांना खोटं पाडवेना. आणि तुमचं नाव घेऊन म्हणणं झालं, भाऊजी. सगळ्या विहारानं हात जोडले. पुढच्या ओळीत बसलेल्या मालनबाईंनी डोळे पुसले, त्यांनाही खरंच वाटलं.

पण हे ऐकून हसू नका. घरी येताना आत्याबाई वाटेतच बसल्या. म्हणाल्या, "माहं दार उशिरा उघडतं, म्हणून लेकरं जातेत. त्यो बी आला आसंल, वाजवलं आसंल. म्या ऐकलं नसंल." भाऊजी, एका मरणाचा दोष त्या घेत होत्या तेव्हा पेटीनं त्यांना तारलं होतं. आता दोन मरणांचा घेऊन राहिल्यात, आणि दुसरं तर झालेलंच नाही. त्यांनी अन्न जवळजवळ सोडलंय. पाण्यावर आहेत.

तुम्हाला तो तिथे नाही हे बघवत नाही. मी रोज बघते. सकाळी उठून बघते, आणि चूल पेटवते. ह्यात विशेष काही नाही, होतं.

पुढच्या महिन्यात डी.एड.च्या परीक्षेला मला नांदेडला राहावं लागणार आहे. ती सोडली तर वर्ष जाईल, म्हणून जातेय. मालनबाई सोबतीला असतील. मी घरी नसताना या. कुणी तुम्हाला दार उघडून द्यायला, समजूत घालायला नसेल. पत्र पाठवू नका, फोन करू नका, चिप पाठवू नका. त्यांचा आता कशावरही विश्वास नाही. या.

करुणा


शिरड शहापूर, जि. हिंगोली
९ जून १९९९

करुणावहिनींना, नांदेड मुक्कामी, धम्मानंदचा जय भीम.

वर पत्ता बघितलात ना? तुमच्याच घरातून लिहितोय.

काल दुपारच्या बसमतकडच्या गाडीनं उतरलो. पहिला भेटला तो जगन, डोक्यावर पाइपचं वेटोळं घेऊन येत होता. मला बघून वेटोळं खाली टाकलं आणि दोन पावलं मागे सरकला. म्हणाला, "दादा, तुमच्या नावाची मेणबत्ती म्याच आणली व्हती दुकानातून." मग जवळ येऊन माझ्या दंडाला असा चिमटा काढला की अजून हिरवानिळा आहे. मी ओरडलो तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला.

घरापाशी आलो. दार लोटलेलं होतं. मी हात वर केला आणि तसाच राहिलो. माझ्या रीतीनं वाजवलं तर त्या म्हणणार, पेटीतला आला. प्रज्ञेशच्या रीतीनं वाजवलं तर त्याहून वाईट. तिसरी रीत मला येत नाही. इतकी वर्षं मी दोन वस्तू सारख्या आहेत की नाहीत ते सांगून पोट भरतोय, आणि त्या दारात मला स्वतःचं असं काही सुचेना. मागे फिरायचंही मनात आलं, खोटं कशाला सांगू. गाडी अजून फाट्यावरच असेल, असंही वाटलं.

तेवढ्यात दार उघडलं. मावशी भांड्यातलं पाणी फेकायला आल्या होत्या. समोर बघायच्या आधीच त्यांनी फेकलं आणि ते सगळं माझ्या पायांवर आलं. मग वर बघितलं. वहिनी, तुम्ही लिहिलं होतं तरी मला कल्पना नव्हती. त्यांच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या होत्या.

त्या माझ्या तोंडाकडे बघेनात. ओल्या पँटकडे बघत राहिल्या. वाकून कापड चिमटीत धरलं, पिळलं, त्यातून पाणी निघालं.

"भिजला," म्हणाल्या. मग, "वाजवलं न्हाईस?"

मी म्हटलं, "नाही, मावशी."

"मंग हायस."

त्यांनी माझा हात धरला आणि आत ओढलं. हातात काही जोर नव्हता, पण मी गेलो. तीन वर्षांनी त्या घरात गेलो. त्याची सायकल भिंतीला टेकलेली आहे, खुंटीवर काही नाही. मला जमिनीवर बसवलं, टॉवेल दिला, आणि स्वतः समोर बसल्या. बराच वेळ माझ्या गुडघ्यावरून हात फिरवत होत्या. मालनबाई दारातून बघून परत गेल्या.

संध्याकाळ झाली. पंपघर इथून लांब नाही, वारा इकडचा असला की ऐकू येतं. आलं, टक-टक, आणि जरा थांबून, टक. माझाच हात, वहिनी, मी आत बसलेलो आणि बाहेर वाजवणाराही मीच.  मावशींनी ऐकलं. मी बघत होतो, त्या उठतात का. त्या उठल्या नाहीत.

मोटर घरघरायला लागली तशा त्या माझ्याजवळ सरकल्या. मला काही ठाऊकच नाही, मी लांबून आजच आलोय आणि ही बातमी मला कुणी दिलेली नाही, अशा आवाजात हळूच म्हणाल्या, "धम्मा, आपला प्रज्ञेश गेला रे."

मी म्हटलं, "कधी, मावशी?"

मग त्यांनी मला पहिल्यापासून सगळं सांगितलं, साप, दार, भाकर, पायरी, आणि मी ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकलं. आम्ही दोघंही रडलो. नंतर त्या चुलीपाशी गेल्या आणि विचारलं, किती भाकरी खाशील. मी म्हटलं, तुम्ही खाल तेवढ्या.

धम्मानंद